संवाद संपतो आणि पद सुरू होते तेव्हा

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाने गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ बसवायला घेतले आणि तेथील मराठीच्या प्राध्यापिकेने प्रयोगाचे परीक्षण करण्याची मला विनंती केली. हे परीक्षण वर्तमानपत्रासाठी नव्हते. मुलांचा पहिला प्रयोग महाविद्यालयाच्या सभागृहात व्हायचा होता आणि दुसरा काही आठवड्यांनी एका देवस्थानाच्या उत्सवात. मधल्या काळात नाटकात काय सुधारता येईल ते बाहेरच्या कोणीतरी नीट पाहून, लेखी स्वरूपात आणि मुलांसमोर बसून सांगावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी आनंदाने होकार दिला. संगीत नाटक शिकणाऱ्या मुलांना टाळ्या पुष्कळ मिळतात, परंतु ‘या ठिकाणी असे झाले आणि त्याचे कारण हे’ असे सांगणारे माणूस फार क्वचित मिळते.

आपल्याकडच्या नाट्यपरीक्षणांची भाषा ठरून गेलेली आहे. अमुकने भूमिकेला न्याय दिला, तमुकच्या गायनाने रसिक मंत्रमुग्ध झाले, नेपथ्य अनुरूप होते, प्रकाशयोजना पूरक होती. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने असे वाक्य कात्रणवहीत चिकटवले तर तिला समाधान जरूर मिळते, पण दुसऱ्या दिवशीच्या तालमीत त्या वाक्याचे ती काय करणार? मुले आहेत म्हणून सांभाळून घ्यावे, हा विचार मला कधीच पटलेला नाही. वय लहान असले तरी त्यांनी हाती घेतलेले नाटक लहान नाही. आणि रंगमंचावर उभे राहण्याचे धाडस ज्यांनी केले आहे, त्यांच्या कामाकडे पूर्ण लक्ष देणे हाच त्यांचा मान आहे.

गोव्यात हे अधिक निकडीचे आहे. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याच्या परिसरातल्या, गावांत देवळाच्या उत्सवाला नाटक झाले नाही असे वर्ष विरळा. या मुलांपैकी कितीतरी जणांच्या आजोबांनी कधीकाळी तोंडाला रंग लावलेला आहे. दीनानाथ मंगेशकरांचा जन्म 1900 सालचा आणि जितेंद्र अभिषेकींचा 1929 सालचा, दोघेही याच तालुक्यातल्या मंगेशीचे. त्यामुळे नाट्यपद हे आपल्या घरचे आहे अशी येथल्या प्रेक्षकाची भावना असते, आणि ती रास्तही आहे. मात्र याच जवळिकीमुळे पदाची चाल ज्याला तोंडपाठ आहे तो प्रेक्षक पुष्कळदा पदासाठीच बसून राहतो, आणि गद्य हे दोन पदांमधले वाट पाहण्याचे अंतर ठरते. मुलांनाही नकळत तेच वळण लागते.

प्रयोगाआधी मी मूळ संहिता पुन्हा वाचली आणि मुलांची संपादित प्रत तिच्याशेजारी ठेवली. ‘शारदा’ 1899 साली रंगभूमीवर आले. तोवरची गाजलेली संगीत नाटके बहुतांशी पुराणकथांवर उभी होती. देवलांनी मात्र आपल्या काळातला, आपल्या शेजारच्या घरात घडणारा जरठ-कुमारी विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याचा, विषय घेतला. पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, त्याला नवरी मिळवून देण्याचा विडा उचललेला भद्रेश्वर दीक्षित, पैशासाठी पोटची मुलगी शारदा द्यायला तयार झालेला कांचनभट, तिची आई इंदिराकाकू, आणि लग्न मोडायला निघालेला कोदंड, असा हा पाच अंकांचा पसारा आहे. तो अडीच-तीन तासांत बसवायचा म्हणजे कात्री लावावीच लागते. मुलांनी मधले काही प्रवेश जोडून घेतले होते आणि पदांची संख्या कमी केली होती. त्यातला बराच भाग समंजसपणे केलेला होता. शेवटच्या अंकात मात्र त्यांनी मोठा छेद दिला होता. त्याविषयी पुढे सांगेन.

विद्यार्थ्यांसाठी हे नाटक निवडणे मला अत्यंत योग्य वाटले. पुढच्या काळातल्या ‘मानापमान’ किंवा ‘स्वयंवर’ यांतली पदे पेलायला रागदारीची तयारी लागते. गळ्यात तान नसेल तर तिथे निभाव लागत नाही. देवलांची पदे त्या मानाने सुटसुटीत आहेत. साकी, दिंडी असे जुने छंद, कीर्तनातल्या आणि स्त्रीगीतांतल्या चाली असा त्यांचा घरगुती थाट आहे, शब्द सरळ आहेत, आणि पद बोलल्यासारखे गाता येते. गळा साधा असला तरी चालतो, पण वाक्य कळलेले असावे लागते. शिकणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट शिकायची असते.

रंगीत तालमीच्या आधीच्या दोन तालमींना मी मागे बसून होते. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मुले जमत. एका खोलीत संगीतशिक्षिका पायपेटी घेऊन पदे घोटून घेत होत्या आणि त्याच वेळी सभागृहात दिग्दर्शक गद्य प्रवेश बसवत होता. तो याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. शारदेचे काम करणारी मुलगी इकडून तिकडे धावत होती. गद्याच्या तालमीत पदाची जागा आली की दिग्दर्शक म्हणे, “इथे पद. पुढे चला.” आणि गाण्याच्या खोलीत पद थेट ध्रुवपदापासून सुरू होई. वेळेची टंचाई, एकच पेटी, दोनच शिक्षक, हे सगळे मला दिसत होते. पण पदाच्या आधीचे वाक्य आणि पदाचा पहिला शब्द या दोघांची एकमेकांशी गाठ ही मुले फार उशिरा, रंगीत तालमीतच, घालणार, हेही तेव्हाच ध्यानात आले. वहीत मी तेवढेच टिपले आणि प्रयोगाच्या दिवशी लक्ष कुठे ठेवायचे ते ठरवले.

प्रयोगाला सभागृह भरलेले होते. तिसरी घंटा झाली, उदाचा वास मागच्या रांगांपर्यंत आला आणि सर्व कलाकारांनी मिळून ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी म्हटली. ही नांदी मूळची 1880 च्या ‘शाकुंतला’तली, पण आता ती कोणत्याही संगीत नाटकाच्या आरंभी शोभते. वीसेक तरुण गळे एकत्र लागले की जो भारदस्तपणा येतो तो त्यात पुरेपूर होता. नांदीनंतर एका विद्यार्थ्याने निवेदन केले आणि त्यात ‘शारदा कायदा’ या नाटकामुळे, या नाटकाच्या नावावरून झाला, असे सांगितले. ही समजूत सर्वदूर आहे आणि ती चुकीची आहे. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला; नाटकाचा त्या नावाशी संबंध नाही. शिवाय तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा होता, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्याला तो लागूही नव्हता. निवेदन तीन-चार वाक्यांचे असले तरी प्रेक्षक ते खरे धरून नाटक पाहतो, म्हणून परीक्षणात ही दुरुस्ती मी पहिल्याच पानावर घातली.

पहिल्या अंकातला मुलींचा प्रवेश हा या प्रयोगाचा सर्वांत जिवंत भाग होता. शारदा आणि तिच्या मैत्रिणी लग्नाच्या, सासरच्या, दागिन्यांच्या गप्पा मारतात, त्यात लटके रुसणे असते, आणि ‘श्रीमंत पतीची राणी’ हे पद त्या गप्पांतून सहज उमलते. या मुली एकमेकींना बोलताना खरोखर एकमेकींकडे पाहत होत्या. एकीने पदाची पहिली ओळ हसत हसत, अर्धी बोलत उचलली, दुसरीने ती तिच्या तोंडातून काढून घेतली, आणि पेटी केव्हा आत आली हे कळलेच नाही. या पदात कोणाचाही गळा असाधारण नव्हता. तरीही संपूर्ण संध्याकाळचे उत्तम पद कोणते असे मला विचारले असते, तर मी याकडेच बोट दाखवले असते.

‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ येईपर्यंत मात्र त्याच मुलींना आपण लोकप्रिय पद गाणार आहोत याची जाणीव झाली होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या, तोंडे प्रेक्षकांकडे वळली. ‘दंताजीचे ठाणे उठले’ म्हणताना सगळ्यांनी दाताकडे बोट नेले, ‘फुटले दोन्ही कान’ म्हणताना कानाला हात लावला, डोळ्यांच्या ओळीला डोळे झाकले. शब्द जे सांगतो तेच हाताने पुन्हा सांगितले की थट्टेची धार जाते. या पदातली गंमत अशी की मुली म्हाताऱ्याची बाजू घेत असल्याचे सोंग करतात; तो काही इतका म्हातारा नाही हो, असे म्हणत त्याच्या एकेका इंद्रियाचा हिशेब देतात. हे सोंग जितके गंभीर चेहऱ्याने वठेल तितके हसू अधिक येईल. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, त्या चालीला होत्या. पदाचा उपरोध कोणाच्याही चेहऱ्यावर उमटलेला नव्हता.

याच धाग्याला भुजंगनाथाची भूमिका जोडलेली आहे. हे काम करणारा मुलगा उत्साही होता आणि त्याला प्रेक्षक हसवता येत होते. थरथरते हात, खोकल्याची उबळ, काठी निसटणे, पुन्हा खोकला. हसू येत होते, परंतु लग्नाचा प्रवेश आला तेव्हा त्या हसण्याची किंमत मोजावी लागली, कारण इतक्या बावळट म्हाताऱ्याची भीती कोणालाच वाटेना. देवलांचा भुजंगनाथ हास्यास्पद आहे, पण दुबळा नाही. त्याच्याजवळ पैसा आहे, त्याच्या पैशाला सलाम करणारी माणसे आहेत, आणि आपण मागतो ते गैर आहे असे त्याला क्षणभरही वाटत नाही. नाटकाचा पूर्वार्ध ज्याला हसतो त्याच माणसाने उत्तरार्धात एका मुलीचा गळा दाबत आणायचा असतो. म्हणून मी परीक्षणात लिहिले की खोकल्याच्या जागा निम्म्याने कमी कराव्यात आणि भुजंगनाथ पैशाविषयी बोलतो ती सर्व वाक्ये अगदी स्वच्छ, निरोगी आवाजात म्हणून पाहावीत.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शारदेचे ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद प्रयोगात ज्या ठिकाणी आले, तिथे ती मुलगी आधीचे गद्य फार सुंदर बोलली. आवाज कोंडलेला, शब्द तुटक, नजर जमिनीवर. सभागृह एकदम स्तब्ध झाले. वाक्य संपले आणि ती थांबली. विंगेतून पेटीचा स्वर आला. तिने मान वर केली, दोन पावले पुढे येऊन मधल्या माइकसमोर उभी राहिली, घसा किंचित साफ केला, पेटीवाल्याने पुन्हा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, दिला, आणि मग पद सुरू झाले. गळा गोड, सूर नेमका. पण दुःखाने खचलेली शारदा आणि माइकसमोर उभी असलेली गायिका या दोन वेगळ्या मुली झाल्या होत्या, आणि पहिली मुलगी त्या काही सेकंदांत कुठे निघून गेली हे कोणालाच सांगता आले नसते.

दोष गळ्याचा नव्हता, अभिनयाचाही नव्हता. तो या दोहोंच्या मधल्या सांध्याचा होता आणि त्याची कारणे अगदी व्यवहारातली होती. पेटी आणि तबला विंगेच्या आत बसवले होते, त्यामुळे वादकांना तिचा चेहरा दिसत नव्हता. वाक्य संपल्याची खात्री झाल्यावरच ते स्वर देत होते. जुन्या नाटक मंडळींच्या प्रयोगांत साथीदार रंगमंचासमोर किंवा कडेला, नटाच्या नजरेच्या टप्प्यात असत. पदाआधीची दोन-तीन वाक्ये चालू असतानाच ऑर्गनचा षड्ज हलकेच खाली धरला जाई, आणि नट आपले गद्य हळूहळू त्या स्वराजवळ आणत शेवटचा शब्द जवळजवळ सुरातच टाकी. मग पद ‘सुरू’ करावेच लागत नाही. बोलणे भरून येते आणि त्याचे गाणे होते. ही कसबाची गोष्ट आहे आणि ती शिकवता येते. मात्र त्यासाठी गाण्याची खोली आणि गद्याचे सभागृह एकत्र यायला हवे.

दुसरे कारण माइकचे. रंगमंचावर उभे तीन माइक होते, आणि गाताना त्यांच्याजवळ जावे असे मुलांना सांगितलेले होते. परिणामी नाटकातले प्रत्येक पद त्या तीन बिंदूंपैकी एकावर उभे राहूनच झाले, मग ते पद एकांतातले असो की कोणाच्या तरी कानात सांगायचे असो. एवढ्याशा सभागृहात गद्य शेवटच्या रांगेपर्यंत विनामाइक पोहोचत होते. पदेही पोहोचली असती, पेटीचा आवाज थोडा खाली ठेवला असता तर.

‘मूर्तिमंत भीती’ संपताच अपेक्षेप्रमाणे ‘वन्समोअर’ची मागणी आली आणि मुलीने ती मान्य केली. ती पुन्हा माइकपाशी आली, हात जोडले, आणि पद अंतऱ्यापासून पुन्हा गायली. या खेपेला दोन हरकती जास्त घेऊन. वन्समोअर ही संगीत रंगभूमीची जुनी रीत आहे. बालगंधर्वांच्या काळी तर एकेका पदाला अनेकदा वन्समोअर मिळत आणि दिले जात. त्या परंपरेचा मला आदर आहे. प्रेक्षक आणि नट यांच्यात इतका उघड देवघेवीचा करार दुसऱ्या कुठल्या रंगभूमीवर क्वचितच असेल. तरीही माझे मत असे की पद कोणत्या जातीचे आहे ते पाहून वन्समोअर द्यावा. थट्टेचे पद पुन्हा म्हटले तर थट्टा वाढते. भीतीचे पद हात जोडून पुन्हा म्हटले की भीती खोटी ठरते, आणि त्यापुढचा प्रवेश नव्याने शून्यापासून उभारावा लागतो. प्रत्यक्षात तसेच झाले. इंदिराकाकूचे काम करणारी मुलगी त्या वन्समोअरच्या काळात हातातल्या तबकाचे काय करावे ते न कळून तशीच उभी होती, आणि तिचे पुढचे वाक्य कोरडे पडले.

तबल्याविषयी एक बारीक गोष्ट नोंदवली. मुलींची पदे एका पट्टीत होती आणि कोदंडाची दुसऱ्या, म्हणून तबलजीने दोन पट्ट्यांचे दोन तबले जवळ ठेवले होते. ही तयारी वाखाणण्यासारखी. परंतु कोदंडाच्या एका पदाला अदलाबदल राहून गेली, मुलींच्या पट्टीचा तबला त्याच्या गाण्याखाली वाजत राहिला, आणि त्या मुलाचा सूर अखेरपर्यंत हलत राहिला. प्रेक्षकांतल्या अनेकांनी त्याला बेसूर ठरवले असेल. तो बेसूर नव्हता. पायाखालची जमीन सरकत असताना तो जमेल तितका ताठ उभा होता. हे परीक्षणात स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटले, कारण अशा एका संध्याकाळीवरून मुलगा आपल्याला गाता येत नाही असे कायमचे ठरवून बसतो.

काळोखात टिपणे घेताना मी पूर्ण वाक्ये लिहीत नाही. प्रवेशाचा क्रमांक आणि एखादा शब्द, एवढेच. घरी आल्यावर त्याच रात्री ती टिपणे उलगडली. लिहिताना एक पथ्य पाळले : प्रत्येक दोषाला रंगमंचावरची नेमकी जागा द्यायची, त्याचे मला दिसलेले कारण द्यायचे, आणि ते कारण दुसऱ्या प्रयोगाआधी दूर करणे या मुलांच्या हातात नसेल तर तो दोष वगळायचा. नेपथ्यातला रंगवलेला पडदा जुना होता, त्याविषयी मी एक शब्दही लिहिला नाही. गळ्याच्या जातीविषयीही लिहिले नाही. स्तुतीलाही हेच पथ्य लावले. मुलींचा पहिला प्रवेश चांगला झाला एवढे न लिहिता, पदाची ओळ एकीच्या तोंडून दुसरीने कशी उचलली ते लिहिले, म्हणजे जे सहज साधले ते पुन्हा जाणून साधता यावे.

मुलांसमोर बसले तेव्हा सगळी मंडळी जमिनीवर सतरंजीवर गोलाकार बसली होती; वादकही होते, हे बरे झाले. मी परीक्षण वाचून दाखवले आणि प्रश्न विचारा म्हटले. काही वेळ कोणी बोलेना. मग शारदेचे काम करणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, वन्समोअर आला की प्रेक्षक थांबतच नाहीत. न घेतला तर ते शिष्टपणाचं वाटेल ना?” प्रश्न खरा होता. मी तिला सांगितले की नकार तिने द्यायचाच नाही. तिने भूमिकेतच राहायचे, आणि इंदिराकाकूने टाळ्या ओसरण्याआधी आपले पुढचे वाक्य घ्यायचे. प्रवेश पुढे गेला की प्रेक्षक आपोआप त्याच्यामागे जातात. इंदिराकाकूला हे फार आवडले, कारण त्यामुळे तबकाचा प्रश्न सुटत होता.

दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतून येणाऱ्या एका मुलाने, तो प्रकाशयोजनेचे काम पाहत होता, वेगळाच मुद्दा काढला. “आमच्याकडे तियात्रात कांतारं मध्येच येतात, कथेशी त्यांचा संबंध नसतो, गाणारा सरळ लोकांकडे बघून गातो, आणि ते कोणाला खटकत नाही. मग इथे का खटकावं?” मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला. 1892 साली मुंबईत सुरू झालेल्या तियात्राची, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाट्यप्रकाराची, रचनाच तशी आहे : दोन पडद्यांच्या मधे येणारे कांतार, म्हणजे गाणे, कथेबाहेर उभे राहते, चालू घडामोडींवर, राजकारणावर थेट बोलते, आणि त्या बाहेर असण्यातच त्याची ताकद आहे. संगीत नाटकातल्या पदाचा करार निराळा. तिथे गाणारी व्यक्ती शारदाच असते, आणि ती गाते तेव्हा नाटकातली वेळ थांबलेली नसते. दोन्ही रीती अस्सल आहेत; पण एका रीतीचे नाटक करताना दुसरीची सवय अंगात आली तर दोन्हींची शोभा जाते. यावर मुले आपापसांत बराच वेळ बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले.

शेवटच्या छेदाचा विषय निघाला तेव्हा मतभेद उघड झाले. वर-वधू एकाच गोत्राचे असल्याचे उघडकीला येऊन लग्न मोडते, तिथेच मुलांनी पडदा पाडला होता. पुढे जीव द्यायला निघालेली शारदा, तिला वाचवणारा कोदंड, आणि शंकराचार्यांच्या निर्णयाने होणारे त्यांचे लग्न, हे सगळे त्यांनी काढून टाकले होते. दिग्दर्शकाचे म्हणणे असे की एका मुलीच्या लग्नाला धर्मपीठाची मोहोर लागावी हे आजच्या प्रेक्षकासमोर मांडणे त्याला जड जाते. त्याची अडचण मला समजते. पण छेदामुळे नाटक काय गमावते तेही पाहायला हवे. मांडवात लग्न मोडले की मुलगी सुटली, असा अर्थ आता निघतो. देवलांना ठाऊक होते की ती सुटलेली नसते. अर्धवट लग्न झालेल्या मुलीला त्या समाजात जागाच उरत नाही, म्हणून ती नदीकडे जाते. तो प्रवेश गेला की लग्न लावणारे चार-दोन लोभी लोक तेवढे दोषी ठरतात आणि मांडवातला बाकीचा समाज हात झटकून घरी जातो. शंकराचार्यांचा भाग हवा तर दोन वाक्यांत आणा, पण शारदेचे ते निघून जाणे परत घ्या, असा माझा आग्रह होता. दिग्दर्शक म्हणाला, “विचार करतो. पण मनाला पटलं तरच करीन.” हे उत्तर मला आवडले.

देवस्थानाच्या उत्सवातला प्रयोग मी मंडपात बसून पाहिला. पेटी-तबला आता रंगमंचाच्या उजव्या कडेला, मुलांच्या नजरेसमोर होते. ‘मूर्तिमंत भीती’च्या आधी पेटीचा स्वर वाक्याखालीच लागला आणि ती मुलगी जागची न हलता, इंदिराकाकूकडे पाहत, शेवटच्या शब्दावरून पदात गेली. पहिल्या प्रयोगाइतका आवाज मोठा आला नाही. मागच्या बाजूला बसलेल्यांना काही शब्द गेलेही असतील. वन्समोअरची मागणी आली, इंदिराकाकूने वाक्य घेतले, टाळ्या दोन क्षण त्या वाक्यावर राहिल्या आणि मग विरल्या. भुजंगनाथाचा खोकला कमी झाला होता, पण मंडपातल्या लहान मुलांनी हसायला सुरुवात केल्यावर तो हळूहळू परत आला. थट्टेच्या पदात रांग मोडली होती; हात मात्र अजून दात आणि कान दाखवत होते, बहुधा ते अंगवळणी पडले असावे. निवेदनातली कायद्याची चूक दुरुस्त झाली होती. दोन्ही तबले वेळच्या वेळी बदलले गेले आणि कोदंडाचे पद या खेपेला स्थिर झाले.

शेवटचा छेद दिग्दर्शकाने अर्धा भरून काढला. शारदा मांडवातून एकटी चालत निघते, मैत्रिणी तिला हाक मारतात, ती वळत नाही, आणि तिथे पडदा पडतो. कोदंड तिच्यापर्यंत पोहोचतो की नाही हे तो दाखवत नाही. देवलांचा शेवट हा नव्हे. माझे मत मी दुसऱ्या टिपणात पुन्हा लिहून दिले आहे : कोदंडाने तिला वाचवणे हे कथेत आधीपासून पेरलेले आहे, ते उगवू न देणे कोदंडाच्या भूमिकेवर अन्याय करते, आणि तो मुलगा आता ते पेलण्याइतका तयार झालेला आहे. पुढच्या महिन्यात त्यांना आणखी एका गावाचे बोलावणे आले आहे. त्या प्रयोगाआधी पाचव्या अंकाची तालीम पेटीसह घ्यायची असे ठरले आहे, आणि तालमीला वादकांनी पहिल्या दिवसापासून बसायचे, हेही.